टार्गेटेड किलिंगवरची वर्गचर्चा बंद पाडू नका, तिची तयारी करून द्या

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

एखाद्या माणसाला हेरून, खटला न चालवता ठार मारण्याचा, म्हणजे टार्गेटेड किलिंगचा, सरकारला अधिकार आहे का, हा प्रश्न विधी महाविद्यालयाच्या वर्गात येतोच. आंतरराष्ट्रीय कायदा एलएल.बी.ला सक्तीचा आहे आणि बळाच्या वापरावरचे निर्बंध शिकवताना हा प्रश्न ओलांडून जाता येत नाही. तरी पुष्कळदा तो गाळला जातो, नाही तर शेवटच्या दहा मिनिटांत ‘बाजूने कोण, विरोधात कोण’ असे हात वर करायला लावून उरकला जातो. यातला दुसरा प्रकार जास्त वाईट. एकदा हात वर झाला की विद्यार्थी कायदा सोडून आपली बाजू राखत बसतो. मग बाहेर बातमी जाते की अमुक मॅडम अतिरेक्यांची वकिली करतात, आणि पुढच्या वर्षी तो तासच होत नाही.

हा विषय नीट शिकवायला तीन तास पुरतात. पहिल्या तासाला देशांची नावे सांगायचीच नाहीत. एक पानाचे प्रकरण वाटायचे: माणूस कोण, कुठे आहे, त्याच्याविरुद्ध माहिती काय, पकडणे शक्य होते का, आजूबाजूला कोण राहते. प्रश्न एकच, इथे कोणता कायदा लागू होतो? सगळा घोळ इथेच होतो. शांततेच्या काळात पोलिसी नियम चालतात: कोणाच्या तरी जिवाला तत्काळ धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच प्राणघातक बळ. सशस्त्र संघर्षात शत्रूच्या सैनिकावर तो झोपलेला असतानाही हल्ला करता येतो. नागरिकावर मात्र तो प्रत्यक्ष लढाईत भाग घेत असेल तेवढ्याच काळात. आणि सीमा ओलांडली की संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम 2(4) (दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला बंदी) आणि कलम 51 (स्वसंरक्षणाचा अपवाद) ही वेगळीच परीक्षा सुरू होते. एखादी कारवाई एका चाळणीतून सुटते आणि दुसरीत अडकते. 3 जानेवारी 2020 रोजी बगदादमध्ये अमेरिकेने कासिम सुलेमानींना मारले. ते इराणच्या सैन्यदलातले जनरल होते, पण हल्ला झाला तिसऱ्याच देशाच्या, इराकच्या भूमीवर. ‘ते वाईट होते का’ यावर मुले अर्धा तास भांडतात. कलम 51 साठी तो प्रश्न कामाचा नाही. अमेरिकेवरचा हल्ला खरोखर तोंडावर आला होता का, हे विचारायचे असते.

दुसरा तास निकालपत्रांचा. 6 मार्च 1988 ला जिब्राल्टरमध्ये ब्रिटिश सैनिकांनी आयआरए या उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघटनेच्या तिघांना गोळ्या घातल्या. त्यांच्या हातात बॉम्बचे बटण आहे असे सैनिकांना सांगितले होते. अंगावर शस्त्र निघाले नाही, जिब्राल्टरमध्ये उभ्या केलेल्या त्यांच्या गाडीत बॉम्बही नव्हता; स्फोटके नंतर स्पेनमध्ये दुसऱ्या गाडीत सापडली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1995 मध्ये 10 विरुद्ध 9 मतांनी ब्रिटनला दोषी धरले, पण गोळ्या झाडणाऱ्यांना नव्हे. त्या तिघांना आधी सीमेवर का अडवले नाही, माहिती चुकीची असू शकते याचा विचार योजनेत का नव्हता, यावर न्यायालयाने बोट ठेवले. वर्गाचे लक्ष बंदुकीच्या चापावरून नियोजनाच्या टेबलाकडे वळवायला याहून चांगले प्रकरण नाही.

त्याला जोडून टार्गेटेड किलिंगवरचा इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर 2006 चा निकाल. न्या. अहरोन बराक यांनी सरसकट बंदीही घातली नाही, सरसकट परवानगीही दिली नाही. भक्कम, पडताळलेली माहिती हवी. अटकेसारखा कमी घातक मार्ग शक्य असेल तर मारता येणार नाही. कारवाईनंतर स्वतंत्र चौकशी हवी. आणि आसपासच्या निष्पापांची हानी लष्करी लाभाच्या मानाने अती नसावी. या चार अटी जुलै 2002 मधल्या गाझाच्या घटनेला लावून पाहायला सांगावे. सलाह शहादे या हमासच्या नेत्याच्या घरावर एक टनी बॉम्ब टाकला गेला, त्यात लहान मुलांसह अनेक शेजारी गेले. इथे हमखास एक चूक होते: मृतांचा आकडा ऐकून वर्ग लगेच निवाडा देतो. प्रमाणशीरतेची, म्हणजे या चौथ्या अटीची, कसोटी मात्र हल्ल्याआधी हाती असलेल्या आणि मिळवता आली असती अशा माहितीवर लागते. शेजारी कोण राहते हे तपासले होते का, इथून सुरुवात करावी.

तिसरा तास आपल्या घरचा. मुंबईतल्या 1995 ते 1997 मधल्या चकमकींवरून उभ्या राहिलेल्या ‘पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही नागरी हक्क संघटना) विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2014 ला नियम घालून दिले: खबर लेखी नोंदवा, मृत्यू झाला की एफआयआर, तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, दंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि घटनेच्या पाठोपाठ बढती वा शौर्यपदक नाही. ‘एन्काउंटर म्हणजे आपले टार्गेटेड किलिंग’ असे कोणी म्हटले तर त्याला गप्प करू नये. मुंबईच्या गल्लीत युद्धाचा कायदा लागू नसतो, तिथे फक्त पोलिसी नियम आणि संविधानाचे कलम 21 (जगण्याचा हक्क), हे त्यालाच पहिल्या तासात पाहिलेल्या नियमांवरून शोधू द्यावे.

नैतिक बाजू शेवटी, आणि लेखी. प्रत्येकाने आपल्या मताच्या विरुद्ध बाजूने एक पान लिहायचे. तोंडी वादात आवाज मोठा असलेला जिंकतो.

अभ्यासक्रम ठरवणे अभ्यास मंडळांचे आणि विद्यापरिषदेचे काम आहे, ते आपण करावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या हातातल्या तीन गोष्टी मागतो. मंजूर अभ्यासक्रमातला विषय शिकवायला प्राध्यापकाने वेगळी परवानगी घेण्याची गरज नाही, असे विभागाने महाविद्यालयांना लेखी कळवावे. वरच्या तीन निकालांचे प्रत्येकी आठ-दहा पानी मराठी सारांश भाषा संचालनालयाच्या मदतीने तयार करून घ्यावेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पुष्कळ मुले मराठीतून उत्तरे लिहितात आणि त्यांच्या हाती आज गाइडखेरीज काही नसते. आणि तक्रार आलीच, तर चौकशीआधी त्या तासाला वाटलेला कागद मागवून वाचावा. आमचे कागद आम्ही तारखेसह जपून ठेवतो.

आपले,
आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे काही प्राध्यापक