फिल्म की इमल्शन?

संपादक साहेब, स्क्रीन प्रिंटिंगवरचा तुमचा लेख वाचला, मस्त होता पण स्टेन्सिलचं, म्हणजे जाळीवर नको तिथे शाई अडवणाऱ्या थराचं, एका ओळीत उरकलंत राव. पत्रिकेवरची बारीक अक्षरं असतील तर कॅपिलरी फिल्मच (प्रकाशाने कडक होणारा, शीटवर तयार मिळणारा थर) बरी, ओल्या जाळीवर लावली की पाण्यासोबत आपोआप आत ओढली जाते, जाडी सगळीकडे सारखी आणि कडा एकदम शार्प येते. फक्त जाळीला तेलकटपणा नको, नाहीतर फिल्म नीट धरत नाही आणि वॉशआऊटला, म्हणजे लाइट देऊन डिझाइन उमटवल्यावर पाण्याने धुताना, सुटून येते. टी-शर्टचा मोठा लॉट असेल तर मात्र मी इमल्शनच (प्रकाशाने कडक होणारं पातळ रसायन, जाळीवर फासून वाळवायचं) घेतो, स्वस्त पडतं आणि जास्त टिकतं, पण पावसाळ्यात कोटिंग वाळता वाळत नाही आणि ओलसर असतानाच लाइट दिली की गेलं काम.

– एक स्क्रीन प्रिंटर