संघ कुणाचा? विजूला पत्र

शिवाजी पेठ,
कोल्हापूर

प्रिय विजू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. बैठकीचं तुझ्या कानावर अर्धंमुर्धं आलंय आणि त्यावर तू मत पण बनवून टाकलंस, म्हणून सगळं नीट लिहितो. फोनवर हे बोलणं होणार नाही. आपण दोघं फोनवर लगेच तापतो.

आपल्या भागातलेच एक उद्योजक पाच हंगाम तालमीच्या फुटबॉल संघाचा सगळा खर्च उचलायला तयार आहेत. खेळाडूंचं मानधन, बूट, जर्सी, बाहेरून येणाऱ्या पोरांची राहण्या-जेवणाची सोय, पगारी कोच, सगळं. बदल्यात संघाच्या नावाआधी त्यांच्या कंपनीचं नाव लागणार, जर्सीचा रंग ते ठरवणार, आणि कोच ठेवायचा की काढायचा तेही तेच ठरवणार. माणूस वाईट नाही. पोराटोरांना हौसेनं बूट देणारा माणूस आहे. बैठकीत तरणी पोरं एकदम खूश, जुनी मंडळी गप्प. निर्णय पुढच्या बैठकीत आहे.

तू लिहिलंस, "मँचेस्टर, चेल्सी, सगळ्यांना मालक आहेत. आपणच का अडून बसायचं?" लेका, मालक असायला माझा विरोध नाही. वर्गणीवर संघ चालवताना खजिनदाराचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. पण मालकानं कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे आधी ठरलं पाहिजे. तू मँचेस्टरचं नाव काढलंस, तर तिथूनच सुरू करतो.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर 1986 मध्ये मँचेस्टर युनायटेडला कोच म्हणून आला तेव्हा संघ तळाला होता. पहिला चषक मिळाला 1990 मध्ये, एफए कप. लीग जिंकायला 1993 उजाडलं. त्याआधीची लीग 1967 ची, जुने कोच सर मॅट बस्बी यांच्या काळातली. म्हणजे साडेतीन वर्षं हातात काहीच नाही, गॅलरीतून त्याला हाकला म्हणून फलक लागले होते, तरी क्लबनं त्याला ठेवला. त्या काळात तो करत काय होता? शहरातल्या आणि आसपासच्या पोरांवर नजर ठेवणारी माणसं वाढवत होता. रायन गिग्ज चौदा वर्षांचा झाला त्या दिवशी फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी गेला होता. पुढं 1992 ची ती पोरं आली, बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधू, आणि वीस वर्षं संघाला कणा मिळाला. 2013 मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर तेरा लीग होत्या.

आता मालकाची बाजू बघ. ग्लेझर कुटुंबानं 2005 मध्ये क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणावर कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर बसवलं. चिडलेल्या काही पाठीराख्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. फर्ग्युसन होता तोवर मैदानावर हे दिसलं नाही, तो लीग जिंकतच राहिला. तो गेला आणि उघडं पडलं. एकामागून एक कोच आले, मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शार, टेन हाग, आमोरिम. एक बचाव करून खेळणारा, पुढचा चेंडू पायात ठेवून खेळणारा, तिसऱ्याला आणखी तिसरंच हवं. प्रत्येकाच्या पसंतीचे महागडे खेळाडू आणले आणि कोच गेल्यावर ते खेळाडू उरले. माझ्या मते मोयेसला दोष देणं सोपं आहे, पण फर्ग्युसननंतर काय, याचं उत्तर तयार ठेवणं हे मालकाचं काम होतं आणि ते झालं नव्हतं.

लिव्हरपूलमध्ये ते झालं होतं. त्यांचं उदाहरण मला सगळ्यात जास्त पटतं, कारण ते आपल्या तालमीसारखं आहे. शँक्ली डिसेंबर 1959 मध्ये कोच म्हणून आला तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. त्यानं आधीच्या मदतनीसांना काढलं नाही. पेस्ली, फेगन, बेनेट यांनाच बरोबर घेतलं. अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे त्यांच्या मैदानावर, बूट ठेवायची एक लहानशी खोली होती. मॅच किंवा सराव झाला की ही माणसं तिथं बसायची, आजच्या सरावात काय केलं, कोण लंगडत होता, हवा कशी होती, हे वहीत लिहून ठेवायची. पुढच्या वर्षी कुणी दुखापतीत गेला की जुनी वही काढून बघायचे. शँक्ली 1974 मध्ये अचानक निवृत्त झाला. क्लबनं बाहेरचा मोठा माणूस शोधला नाही, त्याच खोलीतल्या पेस्लीला बसवलं. पेस्लीनं नऊ वर्षांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप आणले. त्याच्यानंतर त्याच खोलीतला फेगन, त्यानं 1984 मध्ये एकाच हंगामात तीन चषक आणले. मग डॅल्ग्लिश. माणसं बदलली पण खेळ तोच राहिला.

आपल्या वस्तादांची वही तुला आठवत असेल. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानदाराच्या खतावणीसारखी. परवा त्यांच्या मुलानं ती तालमीत आणून दिली. पानोपानी पोरांची नावं, समोर शाळा, कुठल्या पायानं चेंडू मारतो, घरी दूध मिळतं का. हो, दूध मिळतं का असा एक रकानाच आहे. काही नावांपुढं टिकमार्क आहे आणि मागल्या पानावर हिशोब, कुणाला किती दिवस कट्ट्यावर दूध पाजलं त्याचा. ते पैसे त्यांच्या खिशातले. तुझं नाव पण आहे, त्यापुढं लिहिलंय "डावा पाय चांगला, बचावाला मागं येत नाही". ही वही म्हणजेच आपली बूटरूम आहे बघ. नव्या कोचच्या हातात पहिल्या दिवशी ती पडली पाहिजे, आणि त्यानंही त्यात लिहिलं पाहिजे.

आता रंगाचं. बैठकीत एक पोरगा म्हणाला, रंगात काय आहे, गोल महत्त्वाचा. त्याला मी वेल्समधल्या कार्डिफ सिटी क्लबची गोष्ट सांगितली. त्यांचा रंग पिढ्यान्‌पिढ्या निळा, टोपणनावच ब्लूबर्ड्स. 2012 मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी जर्सी लाल केली, आशियात लाल रंग चालतो म्हणून. आणि ऐक, त्याच लाल जर्सीत संघ 2013 मध्ये प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये चढला! म्हणजे यश आलं, पैसा आला, तरी लोकांनी लाल स्वीकारला नाही. विरोध चालूच राहिला आणि जानेवारी 2015 मध्ये टॅनना निळा परत आणावा लागला. विजय मिळाला की लोक सगळं विसरतात, असं आपले तरणे समजतात. कार्डिफचे लोक नाही विसरले.

पण रंग कधीच बदलू नये असंही माझं म्हणणं नाही. लिव्हरपूल आज डोक्यापासून पायापर्यंत लाल आहे ते शँक्लीमुळंच. आधी त्यांची चड्डी पांढरी असायची. 1964 मध्ये बेल्जियमच्या अँडरलेख्टविरुद्धच्या मॅचला त्यानं पहिल्यांदा सगळं लाल घातलं, खेळाडू अंगापिंडानं मोठे दिसतात म्हणून. तो बदल ड्रेसिंगरूममधून आला, संघासाठी आला, आणि करणारा माणूस पुढं दहा वर्षं तिथंच उभा होता. म्हणून तो रुजला. आपल्याकडं रंग सुचवणारी कंपनी पाच वर्षांनी कुठं असेल?

तू चेल्सीचं म्हणशील. बरोबर आहे, माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठी अडचण चेल्सीचीच आहे. रशियन धनाढ्य अब्रामोविचनं 2003 मध्ये क्लब घेतला, कोच भराभर बदलले, तरी पाच लीग आणि दोन चॅम्पियन्स लीग जिंकल्या. पण नीट बघ, तिथं टेरी, लॅम्पार्ड, चेक, द्रोग्बा ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र होती. कोच येत-जात राहिले, ड्रेसिंगरूम हलली नाही. शिवाय मालकाचा खिसा आटत नव्हता. 2022 मध्ये त्याला क्लब विकावा लागला, नवे मालक आले, आणि त्यांनी पैसा ओतूनही घडी बसायला किती वेळ गेला ते तू बघितलंसच. आपल्याकडं ना तो खिसा आहे, ना आपले खेळाडू एका संघात टिकतात. हंगामाआधी केएसएकडं, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडं, नोंदणी सुरू झाली की कोण कुठल्या तालमीत जातोय याचीच चर्चा. परगावचे, परदेशी खेळाडू एक हंगाम खेळतात आणि जातात. मन लावून खेळतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण अकराच्या अकरा जण असे असले तर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसलेल्या पेठेनं हाक कुणाला मारायची?

याच्या अगदी उलट टोकाला स्पेनमधला अ‍ॅथलेटिक बिल्बाओ. बास्क भागात जन्मलेला किंवा तिथं घडलेला खेळाडूच ते घेतात. क्लब सभासदांचा, अध्यक्ष निवडणुकीनं. एवढं बंधन घालूनही ते पहिल्या डिव्हिजनमधून आजवर एकदाही खाली गेले नाहीत. हे जमलेले दुसरे दोनच, रेआल माद्रिद आणि बार्सिलोना. 2024 मध्ये चाळीस वर्षांनी त्यांनी कोपा देल रे, म्हणजे स्पेनचा राजाचा चषक जिंकला, तेव्हा संघाला नावेत बसवून नदीतून मिरवणूक काढली आणि दोन्ही काठांवर सगळा मुलूख लोटला होता. ते दृश्य बघताना मला आपली पेठ दिसत होती, खरं सांगतो. आपण इतकं कडक व्हावं असं नाही. पण मैदानात निम्मी पोरं तरी आपल्या पेठेतली असावीत, आणि हे लेखी असावं.

आणि नाव. नावाच्या बाबतीत मी ऐकणार नाही. कोलकात्याचा मोहन बागान म्हणजे 1911 मध्ये जवळजवळ सगळे अनवाणी खेळून ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवणारा क्लब. 2020 मध्ये त्याच्या नावाआधी एटीके हे दुसऱ्या एका क्लबचं नाव लागलं. संघ चांगला खेळत होता, तरी पाठीराखे रस्त्यावर उतरले आणि 2023 मध्ये ते नाव काढावं लागलं. ते निदान वाचले. महिंद्रा युनायटेड आठवतो? देशातला नावाजलेला संघ, कंपनीनं 2010 मध्ये बंद केला. बालेवाडीला आपण बघायला गेलो होतो तो एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. ज्याचं सगळं एका कागदावर असतं, ते एका सहीनं संपतं.

आपल्या तालमीला असा मालकच नाही, हीच तिची ताकद आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला तेव्हापासून तालमी पेठेच्या आहेत. पेठ वर्गणी देते, गणपती बसवते, पोरं मातीत उतरवते, त्यातलीच पुढं फुटबॉलला लागली. इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या लोकांना हे हरवल्यावर कळलं. त्यांचा क्लब मालकांनी मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं, 2002 मध्ये परवानगी पण मिळाली. लोकांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन उभा केला, मैदानात चाचणी घेऊन पोरं निवडली, अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली आणि 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये परत आले. 2020 मध्ये प्लाउ लेनवर स्वतःचं स्टेडियम केलं. आजही तो क्लब पाठीराख्यांच्याच ट्रस्टचा आहे. त्यांना जे अठरा वर्षं झगडून परत मिळवावं लागलं, ते आपल्या हातात आहे. ते आपण आपणहून का देऊन टाकायचं?

म्हणून बैठकीत मी असं मांडणार आहे. पैसे घ्यायचे, आभार मानून घ्यायचे. जर्सीवर छातीवर कंपनीचं नाव मोठं घालू दे, स्टेडियमवर फलक लावू दे. पण संघाचं नाव आणि रंग तालमीचा. कोच दोघांनी मिळून निवडायचा आणि एकदा निवडला की तीन हंगाम त्याला हात लावायचा नाही, लीगमध्ये खाली गेलो तरी. मदतनीस कोच मात्र पेठेतलाच, म्हणजे उद्या वरचा गेला तर खालचा तयार असेल. आणि मिळणाऱ्या पैशातला ठरावीक वाटा चौदा वर्षांखालच्या पोरांवर, त्याचा हिशोब दर महिन्याला तालमीच्या फळ्यावर. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. तसली पोरं आजही गांधी मैदानावर पळतायत, त्यांची नावं लिहून ठेवणारं कुणीतरी पाहिजे.

हे त्या उद्योजकांना पटेल असं मला वाटतं. इंग्लंडमधल्या ब्रायटन क्लबचा मालक टोनी ब्लूम लहानपणापासून त्याच क्लबचा पाठीराखा. 2009 मध्ये त्यानं क्लब हातात घेतला, स्टेडियम आणि सराव केंद्र यांवर खर्च केला, 2017 मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये आला. कोच पॉटर गेला, डे झेर्बी आला, तोही गेला, तरी ब्रायटन कसं खेळतं हे लहान पोर पण सांगेल, कारण खेळाडू कसे शोधायचे आणि कोच कुठल्या पद्धतीचा हवा हे क्लबनं आधीच ठरवलेलं असतं. आपल्या या माणसाला ब्लूम व्हायची संधी आहे, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगणार आहे. घरी जाऊन, बैठकीच्या आधी.

तुझं काम एकच. तरणी पोरं माझं ऐकतील न ऐकतील, तुझं ऐकतात, तू त्यांच्या डोळ्यांसमोर गोल मारलेला माणूस आहेस. तुझं मत माझ्याविरुद्ध असलं तरी चालेल, पण ते सभासदांना उद्देशून सविस्तर लिहून पाठव, मी बैठकीत शब्द न बदलता वाचून दाखवीन. करारपत्राचा मसुदा वकिलाकडून आला की त्याची प्रत तुला पाठवतो, त्यातलं कोचचं कलम आधी वाच. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश