एकसष्टावा दिवस

इंदूर
रविवार, 25 जानेवारी 2026

चि. मनू हिस,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू प्रत्येक वाक्याला “हो बाबा, हो” म्हणतेस आणि माझं वाक्य तिथंच संपतं. म्हणून कागद घेतला. पत्राला मध्येच “हो” म्हणता येत नाही.

काल आईकडून कळलं की तू फिजिओकडे जाणं बंद केलंस. कारण काय, तर “विम्याचे साठ दिवस संपले, आता ते पैसे देणार नाहीत, आणि तसंही मी नीट चालते.” हे ऐकून आधी रागच आला. मग वाटलं, चूक माझीच. ऑपरेशनच्या आधी महिनाभर मी घरात पॉलिसीच वाचत होतो. भरतीच्या तीस दिवस आधीचा खर्च, डिस्चार्जच्या साठ दिवस नंतरचा खर्च, पाच हजारांची खोली, हेच चालू होतं. त्यामुळे गुडघा विमा कंपनीच्या तारखेने बरा होतो, असा तुझा समज झाला असेल तर त्यात नवल नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी चिमणबागेत तुमचा माजी खेळाडूंचा खो-खोचा सामना होता. तुला कुणी ढकललं नव्हतं, कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. तू हूल दिलीस, पाय रोवलास, गुडघा आत वळला आणि ‘कट्’ असा आवाज आला. मी तेव्हा सीमारेषेजवळ भेळ खात होतो. तो आवाज मला ऐकू आला की मी तो नंतर कल्पनेने जोडून घेतला, हे आता सांगता येत नाही. पण तुझा चेहरा पाहिला आणि मला 1987 साल आठवलं.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. मीही असाच पळतीत पडलो होतो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला हाडं बसवणाऱ्या पहलवानाकडे नेलं. त्याने पंधरा दिवस गरम तेलाने रगडलं आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. सूज उतरली, मी चालायला लागलो आणि सगळे म्हणाले, पोरगं बरं झालं. चार महिन्यांनी परत खेळलो, परत पडलो. त्यानंतर मी खो-खो फक्त बघितला. आज जिना उतरताना मी कठड्याला का धरतो, हे तू विचारायचीस ना? त्या गुडघ्यात लिगामेंट, म्हणजे हाडांना हाड बांधून ठेवणारा पट्टा, नाही, आणि हाडांमधली गादीही झिजून गेली आहे. पहलवानाला दोष देत नाही. त्याच्याकडे एमआरआय नव्हता, आणि आमच्याकडे डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते.

म्हणूनच तुझ्या वेळी शेजारच्या काकू “जरा मालिश करून बघा” म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याशी जरा तिरसट बोललो. नंतर जाऊन माफी मागितली. त्यांनी पोहे दिले.

आता विम्याने नेमकं काय केलं ते सांगतो. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये मी 34 वर्षं खाती लिहिली. जमा आणि नावे वेगळं मांडल्याशिवाय मला काही कळत नाही.

जमेच्या बाजूला पहिली गोष्ट ही की आपण थांबलो नाही. शनिवारी 25 ऑक्टोबरला डॉक्टरांनी गुडघा पुढे ओढून पाहिला आणि त्याच दुपारी एमआरआय झाला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं ते लिगामेंट, पूर्ण तुटलं होतं, गादीची कड फाटली होती. विमा नसता तर मी काय केलं असतं, हे मला ठाऊक आहे. “बघू, संक्रांतीनंतर, एफडी मोडावी लागेल,” असं म्हणालो असतो आणि तोवर तू लंगडत हिंडून ती गादी आणखी फाडून घेतली असतीस. पैशाची जुळवाजुळव करण्यात जे महिने जातात ते वाचले. विमा असला की माणूस लवकर बरा होतो म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच.

तरी ऑपरेशन लगेच झालं नाही, आठवतं? तू चिडली होतीस, “कॅशलेस आहे तर उद्याच करा ना!” डॉक्टरांनी ऐकलं नाही. सूज उतरू द्या, गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या, मांडीचा स्नायू जागा करा, मगच हात लावतो, म्हणाले. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने केलं तर तो नंतर आखडलेलाच राहण्याची भीती असते. मी तेव्हा दुसरंच गणित करत होतो. आपल्या पॉलिसीत भरतीच्या आधीच्या 30 दिवसांचा खर्च मिळतो. एमआरआय बाहेरून केलेला, ओपीडीतला. ऑपरेशन तीस दिवसांत झालं तरच ते बिल परत मिळणार. 17 नोव्हेंबर ठरलं तेव्हा बोटावर मोजलं, 23 दिवस. हुश्श केलं. तू समजलीस मी ऑपरेशनच्या काळजीने सुस्कारा टाकला.

रुग्णालयातल्या टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या मध्यस्थाच्या, खिडकीवरचा तो मुलगा आठवतो? प्री-ऑथचा, म्हणजे कंपनीच्या आगाऊ मंजुरीचा, फॉर्म भरताना हळूच म्हणाला, “अंकल, खेलते हुए मत लिखो, घर में फिसल गई लिख दो, क्लेम जल्दी पास होगा.” त्याच्या मनात खोट नव्हती, त्याला खरंच तसं वाटत होतं. मी पॉलिसीचं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. जे वगळलं आहे ते धोक्याच्या साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्याने झालेली दुखापत. गिर्यारोहण, राफ्टिंग, मोटारींच्या शर्यती, स्कूबा वगैरे. भाऊबीजेला मैत्रिणींबरोबर खेळलेला खो-खो त्यात कुठून येणार? आणि समजा आलाच असता, तरी खोटं लिहून उपयोग काय? डॉक्टरच्या पहिल्या कागदावर “खो-खो खेळताना” असं लिहिलेलंच होतं. दोन कागद दोन गोष्टी बोलले की खरा क्लेमही बुडतो. खातेवहीतही हेच होतं.

खोलीवरून तुझी आई अजून माझ्यावर नाराज आहे. खिडकी नव्हती, हे मान्य. पण आपली पॉलिसी पाच लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. ती खिडकीवाली खोली होती 7,500 ची. आई म्हणाली, दोन दिवसांचे पाच हजार जास्तीचे देऊन टाकू. पण प्रकरण तिथं थांबत नाही. खोली महाग घेतली की सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर हे सगळंही कंपनी त्याच प्रमाणात कापते. 5,000 भागिले 7,500, म्हणजे तिसरा हिस्सा गेला. त्या तीन खर्चांचे मिळून नव्वद हजार धरले तर तीस हजार खिशातून. औषधं आणि आत बसवलेले स्क्रू यांना ती कात्री लागत नाही, पण तीस हजारांत खिडकी जरा महाग पडते. आईला हे तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. मी फक्त “नाही” म्हणालो.

बिल झालं 1,86,400. कंपनीने दिले 1,67,900. राहिलेल्या 18,500 मध्ये तुझा तो बिजागरीचा नी-ब्रेस, क्रेप बँडेज, हातमोजे असल्या वस्तू. ब्रेसशिवाय डॉक्टर पाय खाली टेकू देत नव्हते, पण यादीत तो “न मिळणाऱ्या वस्तूं”मध्ये. यावर मी बराच वेळ एकटाच बडबडत होतो. डिस्चार्जच्या दिवशीची गंमतही तशीच. 2024 पासून नियम आहे की शेवटच्या बिलाला कंपनीने तीन तासांत मंजुरी द्यावी. आपल्याला साडेपाच तास लागले. तू व्हीलचेअरवर, आई पिशव्या घेऊन, आणि मी दर वीस मिनिटांनी त्या खिडकीवर. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, तुला ठाऊक आहेच.

इथपर्यंत विम्याचं काम. ते त्याने केलं, कुरकुरत का होईना.

आता नावेची बाजू, आणि हे जरा बसून वाच. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तुझ्या मांडीच्या मागचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, काढून त्याचं नवीन लिगामेंट केलं. तो कंडरा तिथं रुजायला वेळ लागतो. सुरुवातीला त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या सोडतं, जुनं मोडून नवं विणतं. या सगळ्यात तो सर्वात कच्चा असतो तो साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. म्हणजे नेमका आत्ता. आज तुला ऑपरेशन होऊन 69 दिवस झाले. सूज नाही, दुखत नाही, वसतिगृहाचे दोन मजले चढतेस, आणि आत तो धागा सर्वात नाजूक आहे. तुला बरं वाटतंय हे खरं आहे. पण त्या वाटण्याचा आणि त्या धाग्याच्या ताकदीचा काही संबंध नाही. शारीरिक शिक्षणाची पदवी तू घेते आहेस, मला हे लिहावं लागावं?

विम्याचे साठ दिवस 18 जानेवारीला संपले, कारण डिस्चार्ज 19 नोव्हेंबरचा. ती तारीख कुणीतरी कचेरीत बसून ठरवली आहे. नऊ महिने पूर्ण होतात ऑगस्टच्या मध्याला. त्याआधी पळापळीच्या खेळात उतरणाऱ्यांचं लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका बराच जास्त असतो, आणि नऊ महिन्यांनंतरही नुसती तारीख बघून सोडत नाहीत. एका पायावरची उडी आणि मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के यावी लागते. ती ताकद येते फक्त त्या कंटाळवाण्या व्यायामाने, ज्याचे पैसे आता कुणी देत नाही. तुझी मार्चमधली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गेली, असं समज. गणपतीच्या आधी मैदान नाही.

आपल्या इंदूरच्या रजत पाटीदारचं 2023 चं आयपीएल टाचेच्या दुखापतीने पूर्ण हुकलं. शस्त्रक्रिया झाली, आणि 2024 च्या फेब्रुवारीत तो कसोटी खेळला. तू मला हे उदाहरण “बघा, लोक परत येतात” म्हणून दिलं होतंस. येतात ना. पण त्याच्यामागे क्रिकेट बोर्ड होतं. गेल्या वर्षी आपल्या मुलींनी दिल्लीत खो-खोचा विश्वचषक जिंकला तेव्हा तू टीव्हीसमोर नाचलीस, तरी तुझ्यासारख्या जिल्ह्यापुरतं खेळणाऱ्या मुलीच्या फिजिओचे पैसे देणारं बोर्ड अजून कुणी काढलेलं नाही. तुझ्यामागे मी आहे आणि माझी वही आहे.

तर वहीत असं मांडलं आहे. पुण्यात एका वेळेचे 700, आठवड्याला तीन वेळा, महिन्याचे 8,400. मे महिन्यानंतर दोनच वेळा लागेल, तेव्हा कमी होतील. पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला येतील. आईने विचारलं, कुठून? गेल्या 22 सप्टेंबरपासून आपल्यासारख्यांच्या आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. आपला हप्ता 31,000 चा. डिसेंबरमध्ये भरला तेव्हा 5,580 रुपये वाचले. ते तुझ्या गुडघ्याच्या खात्यावर आधीच टाकले आहेत. जवळजवळ आठ वेळांचे पैसे झाले. बाकीचं बघतो.

तुझ्या खांदा निखळणाऱ्या मैत्रिणीने विचारलं होतं, आता पॉलिसी काढली तर चालेल का. काढावी, पण त्या खांद्यासाठी लगेच काही मिळणार नाही. आधीच असलेल्या दुखण्याला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. आधी चार होती, 2024 पासून तीन झाली. आणि तिने ते लपवू नये, फॉर्मवर लिहावं. तुझंही तेच. जूनमध्ये तू पंचवीस पूर्ण करशील आणि आमच्या फ्लोटरमधून, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मिळून एका पॉलिसीतून, बाहेर पडशील. तेव्हा कुठल्या तरी जाहिरातीला भुलून नवीकोरी पॉलिसी घेऊ नकोस, नाहीतर तुझा हा गुडघाच त्या कंपनीसाठी जुनं दुखणं ठरेल. आपल्याच कंपनीकडे तुझ्या नावाने वेगळी करून घेऊ, म्हणजे गेल्या नऊ वर्षांचा काळ हातातून जात नाही. मे महिन्यात मला आठवण कर. मीच तुला करेन म्हणा.

एक काम मात्र लगेच हवं. 18 जानेवारीपर्यंतच्या पुण्यातल्या फिजिओच्या पावत्या तुझ्या बॅगेच्या तळाशी पडल्या आहेत, असं आई म्हणाली. त्या मूळ पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी उद्या 26 जानेवारीची सुट्टी आहे म्हणून मंगळवारी सकाळीच स्पीड पोस्टने पाठव. साठ दिवसांनंतर पंधरा दिवसांत, म्हणजे 2 फेब्रुवारीपर्यंत, कागद कंपनीकडे पोचायला हवेत. चुरगळलेल्या असल्या तर इस्त्री करू नकोस, मागच्या वेळी शाई उडाली होती.

रंगपंचमीला ये. पण गेरमध्ये, त्या रंगांच्या मिरवणुकीत, उतरायचं नाही, पाण्याने रस्ता निसरडा असतो आणि राजवाड्यापाशी धक्काबुक्की तुला माहीत आहे. आत्याच्या गच्चीतून बघू. मीही वरच थांबणार आहे, जिना चढायला मला तसाही वेळ लागतो. बुधवारी फिजिओकडून निघालीस की मिस्ड कॉल दे.

तुझा,
बाबा

ता. क. आईने गुळपोळ्या पाठवल्या आहेत. ब्रेसच्या खोक्यातच भरल्यात, मजबूत खोकं आहे.