आटे गेले म्हणून अख्खं इंजिन खोलायचं?

संपादक साहेब,
मागच्या आठवड्यात बाइक सर्व्हिसिंगला दिली, तिथल्या पोराने क्लच कव्हरचा ६ एमएमचा बोल्ट लांब पाना लावून असा काही आवळला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे बोल्टला गुंडाळूनच बाहेर आले, चांदीच्या तारेसारखे. आणि वर मलाच सांगतोय, काका आतली केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवचच, गेली, इंजिन खोलावं लागेल! अहो या बोल्टला जेमतेम १० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळायची ताकद, पुरते.
मी गाडी ढकलत घरी आणली (परळचा चढ, वय ५८, असो). नागदेवी स्ट्रीटवरून हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या स्प्रिंगचा) सेट आणला, भोक ६.३ एमएमच्या ड्रिलने मोठं केलं, सेटमधल्याच टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस फासून नवे आटे पाडले म्हणजे बुरा, धातूचा कीस, ग्रीसला चिकटतो, मग स्टीलच्या तारेची ती स्प्रिंग फिरवत आत बसवली, टोकाची दांडी तोडून चिमट्याने बाहेर काढली कारण ती इंजिनात पडली तर मेलो. तासाभराचं काम, आणि स्टीलचे आटे आधीपेक्षा मजबूत.
गॅरेजवाल्यांनी निदान हा पर्याय गिऱ्हाइकाला सांगावा की.
— एक रिटायर्ड फिटर, परळ