यामाहा आधी वाद्यांची, मग मोटारसायकलींची

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर येथील कारागिरांपुढे कोणते प्रश्न उभे आहेत, याविषयीचा लेख आपल्या दैनिकात वाचला. लेख चांगला आहे; मात्र मोटारसायकली बनवणारी यामाहासुद्धा आता वाद्यांच्या धंद्यात उतरली आहे, अशा आशयाचे त्यातील वाक्य वस्तुस्थितीला सोडून आहे. या कंपनीच्या मोटारसायकलींवरील गोल चिन्हात तीन नादकाटे, म्हणजे स्वर जुळवण्याचे काटे (ट्युनिंग फोर्क), आहेत, ते उगाच नव्हेत.

तोराकुसु यामाहा हे घड्याळे आणि वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर होते. १८८७ मध्ये जपानमधील हामामात्सु येथील एका प्राथमिक शाळेचा अमेरिकी बनावटीचा रीड ऑर्गन त्यांनी दुरुस्त केला आणि त्याची रचना समजताच तसाच ऑर्गन स्वतः तयार केला. तो जाणकारांकडून तपासून घ्यावा म्हणून त्यांनी एका सहकाऱ्यासह खांद्यावरून, हाकोनेचा घाट ओलांडत, सुमारे २५० किलोमीटर दूर तोक्योला नेला. तेथील संगीत विद्यालयाच्या प्रमुखांनी स्वर बरोबर लागलेले नाहीत, असा निकाल दिल्यावर ते निराश होऊन परतले नाहीत. तेथेच राहून महिनाभर संगीताचे आणि स्वर जुळवण्याचे शिक्षण घेतले आणि मगच दुसऱ्या ऑर्गनला हात घातला. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या ‘निप्पॉन गाक्की’ कंपनीचा पाया हा असा आहे. तिला ‘यामाहा’ हे नाव अधिकृतपणे मिळाले ते त्या पहिल्या ऑर्गनच्या शंभरीत, १९८७ मध्ये.

१९०० पासून पियानो आले. लाकूडकामातील हातखंड्यामुळे पुढे विमानांचे पंखे (प्रोपेलर) बनवण्याचे काम कंपनीकडे आले, आणि महायुद्धानंतर त्या कामाची यंत्रे रिकामी पडल्यामुळे १९५५ मध्ये पहिली मोटारसायकल निघाली. तिच्यासाठी त्याच वर्षी निराळी कंपनी काढण्यात आली. ध्वनियंत्रणेतील प्रवेश मात्र संगीताच्या वाटेनेच झाला. १९७८ चा ‘एनएस-१०’ हा पांढऱ्या शंकूचा छोटा स्पीकर जगभरच्या ध्वनिमुद्रणगृहांत ठाण मांडून बसला, तर १९८३ चा ‘डीएक्स ७’ हा सिंथेसायझर स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या संशोधनाचे हक्क घेऊन तयार झाला होता. म्हणजे संस्थापक विद्यालयात जाऊन बसले, आणि कंपनी विद्यापीठात.

आता मिरजेकडे पाहू. येथील शिकलगार घराणी तलवारी-भाल्यांना धार लावत असत. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन हे पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने वाद्ये बनवू लागले. दुसऱ्या कारागिरीतून वाद्यनिर्मितीकडे जाण्याची ही वाट यामाहांच्याही काही दशके आधीची आहे, हे आपण अभिमानाने सांगतो तितके नीट सांगत नाही. आमच्या कारागिरांनाही कान गवयांनी दिला. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई ज्या गावात राहिले, तेथे घोडीवरची जवारी (तारेचा नाद खुलवणारा घोडीच्या पृष्ठभागाचा बाक) जरा बिघडलेली असेल तर तंबोरा खपणे शक्यच नव्हते.

फरक पुढे पडला, आणि तो भांडवलाचाच आहे असे मला वाटत नाही. १९५४ मध्ये यामाहाने लहान मुलांसाठी संगीताचे वर्ग सुरू केले आणि पुढे ते देशोदेशी नेले. पियानो घेणारी पिढी तिने स्वतः घडवली. आपल्याकडे मानांकन आले, प्रदर्शने भरली, पण मिरजेतील किती शाळांत मुलांनी तंबोरा हातात घेतला आहे? सतारमेकर मंडळींच्या दुकानांपासून हाकेच्या अंतरावर वाढणारी मुले मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर सा लावतात. त्यात मुलांचा दोष नाही. खरा तंबोरा महाग आहे, नाजूक आहे आणि तो लावायला शिकवणारा माणूस शाळेत नाही.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत एक सूचना मांडतो. या कारागिरीसाठी जो निधी येईल, त्याचा काही भाग जिल्ह्यातील शाळांना येथेच बनलेले तंबोरे देण्यासाठी राखावा, आणि ते लावण्याचे व जवारी ओळखण्याचे शिक्षण खुद्द कारागिरांनी मानधनावर द्यावे. सोबत दुरुस्तीची हमीही असावी, नाहीतर पहिली तार तुटताच वाद्य मुख्याध्यापकांच्या कपाटावर जाईल.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक,
मिरज, जि. सांगली