तरणा पाऊस, म्हातारा पाऊस

बेंगळूर, रविवार दुपार

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला म्हणाल, पण बाबा तुम्ही फोन घेता, "बरी हाईस न्हवं? धर, आईशी बोल" म्हणता आणि दोन मिनिटात आईकडं देता, आणि मला जे सांगायचंय ते दोन मिनिटात होणारं नाही. म्हणून पोस्टानं पाठवायलेय. चष्मा लावून सावकाश वाचा. आई, तू पण वाच, यात तुझ्यासाठीही आहे.

आईनं मागच्या आठवड्यात जे सांगितलं ते डोक्यातून जातच नाहीय. बारका आणि त्याचे दोस्त दिवाळीच्या सुट्टीपासून बळ्ळारी नाल्याच्या कडेनं फिरायलेत, दोरी लावून रुंदी मोजायलेत, कुठं जलपर्णी माजलीय, कुठं भराव पडलाय, कुठं पाईप बारीक पडतोय याचे फोटो काढून त्यांनी अख्खा नकाशा केलाय. आणि तो नकाशा घेऊन हा देवळासमोरच्या बैठकीत उभा राहिला तर पंच मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, पोरांनी खुर्च्या मांडाव्यात, बोलायला आम्ही हाय की. बाबा, तुम्ही तिथंच बसला होता. तुम्ही काही बोलला नाहीत, आणि घरी आल्यावर उलट त्यालाच म्हणालात की परीक्षा तोंडावर आलीय, मोठ्या माणसांच्या कामात तोंड घालू नको.

मी तुमच्यावर रागावून लिहीत नाहीय. तुमची काळजी कळते मला, शेवटच्या वर्षाला आहे तो आणि निकाल बिघडला तर परत कोण विचारणार. पण त्या बैठकीत तो एकटा पडला याचं मला फार वाईट वाटलं, आणि तेव्हापासून एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच असं ठरवून बसलेय.

आमच्या ऑफिसात दिवसभर कोर्टाचे कागद हातात असतात, त्यातच एका खटल्याचं वाचायला मिळालं, खटला म्हणजे अगदी खटला नाही, कोर्टाचा सल्ला मागितला होता. व्हानुआतू म्हणून देश आहे, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला प्रशांत महासागरात, ऐंशीच्या आसपास बेटं आणि सगळी मिळून माणसं तीन लाख, म्हणजे आपल्या बेळगाव शहरापेक्षाही कमी. जगाला तापवणाऱ्या धुरात त्यांचा वाटा जवळजवळ नाहीच, पण मार सगळ्यात जास्त त्यांनाच. २०१५ ला पाम नावाचं चक्रीवादळ आलं आणि देशाच्या वर्षभराच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त नुकसान एका दणक्यात झालं. २०२० ला हॅरॉल्ड आलं. मार्च २०२३ मध्ये तर जुडी आणि केविन अशी दोन वादळं एकाच आठवड्यात, पहिल्याचे पत्रे गोळा करेपर्यंत दुसरं दारात. आणि समुद्र हळूहळू वर चढायलाय तो वेगळाच.

तिथं पोर्ट व्हिला या राजधानीत युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, आजूबाजूच्या बेटांवरची पोरं तिथं कायदा शिकायला येतात. २०१९ ला त्यातल्या सत्तावीस विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात न्यायचा, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात. कोर्टाला विचारायचं की हवामान बिघडवणाऱ्या देशांची कायद्यानं जबाबदारी काय, आणि नुकसान केलं तर पुढं काय. सत्तावीस पोरं बाबा, बारक्याच्याच वयाची. वर्गातल्या अभ्यासातून सुरू झालेली गोष्ट. त्यांनी संघटना काढली, बेटांवरच्या देशांच्या पुढाऱ्यांना पत्रं लिहिली. पुढं कोविड आला तरी सोडलं नाही.

आता माझा मुद्दा इथं आहे. त्या कोर्टाच्या दारात विद्यार्थ्यांना उभं राहता येत नाही, असा सल्ला मागायचा तर देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव करावा लागतो. म्हणजे पोरं कितीही हुशार असली तरी कुणीतरी मोठ्या माणसानं दार उघडल्याशिवाय ती आत जाऊच शकत नव्हती. व्हानुआतूचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री राल्फ रेगेनवानू, त्यांनी या पोरांचं ऐकून घेतलं. तुम्ही अजून शिकताय, आधी पास व्हा, असं म्हणून परत पाठवलं असतं तर तिथंच संपलं असतं. त्यांनी ते सरकारचं काम केलं. नंतर सरकारं बदलली, पंतप्रधान बदलले, पण काम चालू राहिलं. २९ मार्च २०२३ ला आमसभेत ठराव एकमतानं पास झाला, १३२ देशांनी त्यावर नाव घातलं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला ती दोन वादळं येऊन गेली होती हे ध्यानात घ्या.

मग डिसेंबर २०२४ ला हेगमध्ये सुनावणी झाली, ९६ देश आणि ११ आंतरराष्ट्रीय संस्था बोलल्या, आपला भारतही बोलला. आणि आई, आता तू ऐक, त्या विद्यार्थ्यांमधली एक मुलगी, सिंथिया हौनिउही नाव तिचं, सॉलोमन बेटांवरची, ती त्या न्यायाधीशांसमोर उभी राहून बोलली. पंधरा न्यायाधीश. त्यात आपले दलवीर भंडारीही होते, जे आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. २३ जुलै २०२५ ला निकाल वाचला, पंधराच्या पंधरा एकमत. हवामानाचं नुकसान टाळणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते मोडलं तर चूक थांबवायला लागेल आणि भरपाईही द्यायला लागू शकते. सल्ला आहे, बंधनकारक हुकूम नाही, वकील म्हणून मी ते लपवणार नाही. पण आता जगातल्या कुठल्याही कोर्टात हे कागद पुढं ठेवता येतात, आणि ही वाट त्या वर्गातल्या पोरांनी पाडली.

२३ जुलै म्हणजे पुष्य नक्षत्र, आपल्याकडचा म्हातारा पाऊस. मी कॅलेंडर बघितलं तेव्हा मला आजीच आठवली, ती म्हणायची पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि दोन्ही नीट लागले तरच भात भरतं, नुसत्या तरण्यानं शिवार वाहून जातं आणि नुसत्या म्हाताऱ्यानं मुळं धरत नाहीत. हे ती पावसाबद्दलच बोलायची. मला आता ते तुमच्याबद्दल आणि बारक्याबद्दल वाटतं.

कोर्टाची वाट बघणं म्हणजे काय हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको बाबा. २००४ पासून आपला दावा सुप्रीम कोर्टात आहे, तुमच्या डोक्याचे केस पांढरे झाले तरी तारीख काय म्हणून विचारायचं तुम्ही सोडलं नाहीत. आणि १९८६ ला कन्नड सक्तीच्या विरोधात माणसं रस्त्यावर उतरली तेव्हा तुम्ही वीस वर्षांचे होता. आजोबांनी खोलीत कोंडलं होतं आणि तुम्ही खिडकीतून गेलात, ही गोष्ट आम्ही भावंडांनी तुमच्याच तोंडून किती वेळा ऐकलीय! तेव्हा तुम्हाला कुणी म्हणालं नाही का की पोरांनी खुर्च्या मांडाव्यात? म्हणालेच असतील, आणि तुम्ही ऐकलं नाहीत. मग बारका आज नाल्यात उतरला तर तो तुमचाच पोरगा आहे की.

आणि त्याच्या ग्रुपमध्ये कानडी घरातली दोन पोरं आहेत, हे तुम्हाला कुणीतरी वाकडं करून सांगितलं असेल. त्यांचंही शिवार त्याच नाल्याला लागून आहे बाबा, पाणी आलं की त्यांचंही भात आपल्याबरोबरच कुजतं.

आता भाताबद्दल. २०१९ चा ऑगस्ट आठवतो का म्हणून विचारणं वेडेपणा आहे, तुम्ही आठ दिवस बांधावर जाऊन उभे राहायचात आणि पाणी उतरलं का ते आईला सांगायचात, ती चुलीसमोर काही न बोलता बसायची. त्या वर्षी उन्हाळ्यात खाली चिकोडीकडं कृष्णा कोरडी पडायला लागली होती आणि ऑगस्टमध्ये तीच कृष्णा गावात शिरली, घटप्रभेनं गोकाक बुडवलं, मलप्रभेनं तिच्या काठची गावं. २०२३ ला उलट, जून कोरडा, धूळवाफ पेरणी केलेलं उगवलंच नाही, दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर, आणि पुढं राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. लोक म्हणतात पाऊस लहरी झालाय. लहर नाही ती. हवा एक डिग्री तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे घागर मोठी झाली असं समजा, भरायला वेळ लागतो म्हणून मध्ये कोरडे दिवस वाढतात आणि सांडते तेव्हा एकदम सांडते. पूर्वी चार दिवसांत पडायचं ते चार तासांत पडलं तर आपला नाला, जो आधीच गाळानं आणि जलपर्णीनं निम्मा भरलाय, तो काय घेणार? पाणी वडगाव-शहापूरच्या शिवारात आणि आपल्यात येऊन बसणारच.

म्हणजे बारका जे करायलाय ती भानगड नाही. पुढची चाळीस वर्षं त्या जमिनीवर कुणाला उभं राहायचंय? त्याला. तुम्ही आणि मी बघणार नाही असा पाऊस तो बघणार आहे. मग नाल्याचं कुठलं तोंड आधी साफ करायचं, जास्तीची रोपं कुठल्या उंच वावरात राखून ठेवायची, पाणी वाढायला लागलं की कुणी कुणाला फोन करायचा, हे ठरवताना त्याला विचारायचं नाही हे मला पटतच नाही. पुरात माणसं काढायला, देवळात जेवण वाढायला, शिवजयंतीला चित्ररथ ओढायला तरुण मंडळ लागतं, आणि पैशे कुठं खर्च करायचे हे ठरवायची वेळ आली की तीच पोरं लहान होतात. नुसतं शाब्बास म्हणून पाठ थोपटली तर पोरं दोन वर्षं राबतात आणि मग बेंगळूर-पुण्याला निघून जातात. मी गेले तशी.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या बैठकीत तुम्ही, म्हणजे तुम्ही स्वतः, उठून म्हणा की पोरांचा नकाशा आधी बघूया. दुसरं, कमिटीकडं नाला साफ करायला जे पैशे जमतात आणि जेसीबीचे तास ठरतात, त्यातले थोडे, अगदी चार-पाच तास का होईना, पोरांच्या हातात द्या, कुठं लावायचे ते त्यांनी ठरवायचं आणि हिशोब त्यांनीच सगळ्यांसमोर वाचायचा. चुकले तर चुकू देत, तुम्ही मोठी माणसं काय कधी चुकला नाहीत? तिसरं, त्यांना घेऊन ग्रामसभेला जा आणि अर्जाखाली तुमची सही करा, कारण पोरांच्या सहीचा अर्ज टेबलाच्या खाली जातो आणि तुमच्या सहीचा वर राहतो, हे चुकीचं आहे पण आज तरी असंच आहे.

आणि तुमची वही. ती निळ्या पुठ्ठ्याची, ज्यात तुम्ही लग्नाच्या वर्षापासून पहिला वळीव कधी, मृग कधी लागला, नाला कितीदा भरून आला आणि पाणी कुठल्या बांधापर्यंत चढलं ते लिहीत आलाय. लहानपणी मला वाटायचं हा बाबांचा नाद आहे. त्या बेटांवरच्या पोरांनी कोर्टासाठी काय गोळा केलं माहिती आहे? जुन्या माणसांच्या साक्षी. समुद्र पूर्वी कुठं होता, कुठलं पीक आता येत नाही, कुठली थडगी पाण्यात गेली. कोर्टासमोर शास्त्रज्ञांचे अहवाल होते, त्याच्याबरोबर हेही होतं. बारक्याच्या मोबाईलमध्ये या वर्षीचे फोटो आहेत, पण तीस-पस्तीस वर्षांचा नाला त्याच्याकडं नाही, तो फक्त तुमच्याकडं आहे. ती वही त्याला द्या, म्हणजे तुमच्याजवळच राहू दे, पण त्याला शेजारी बसवून पानं उलटा आणि कुठला बांध म्हणजे कुठला ते सांगा, तुमच्या अक्षरातलं आम्हाला निम्मं लागत नाही.

आई, आता तुझं. नाल्यावर जाणाऱ्या ग्रुपमध्ये मुली दोनच आहेत आणि त्याही बैठकीला आल्या नाहीत, कारण देवळासमोरच्या बैठकीत बायका बसत नाहीत. पण चिखलात वाकून रोपं कोण लावतं? तुम्हीच. रोप कुजलं तर परत कोण लावतं? तुझ्या स्त्रीशक्ती संघाच्या पुढच्या मीटिंगला त्या दोघींना बोलव, त्यांना बोलू दे, आणि तूही बोल. २०१९ ला तू जे भात उपसून परत लावायचा प्रयत्न केलास त्याबद्दल तुला कुणी कधी विचारलं नाही, मीसुद्धा नाही. पाडव्याला आले की विचारणार आहे, सगळं सांग, मी लिहून घेणार आहे.

बारक्याच्या परीक्षेचं मी बोललेय त्याच्याशी. पेपर होईपर्यंत नाल्यावर फक्त रविवारी जाईन असं त्यानं कबूल केलंय, तुम्हीही रविवारी त्याला अडवू नका.

पाडव्याच्या आदल्या रात्री चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय, सकाळी स्टेशनवर बारक्याला पाठवा, तुम्ही येऊ नका, गार वारं असतं. बाबा, बीपीची गोळी संपत आली असेल तर आधीच आणून ठेवा, मागच्या वेळी दोन दिवस चुकली होती. आणि वही ट्रंकेच्या तळाशी आजीच्या लुगड्याखाली असते तिथंच आहे ना? बाहेर काढून जरा उन्हात ठेवा, मागच्या पावसात पानं चिकटली होती.

तुमची,
अक्का