अकाउंट्समधल्या ताईंना, एकदाचं थँक्यू

ताई, तोंडावर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "बरं बरं, चल, बस आली" म्हणून उडवून लावाल हे पक्कं माहितीये, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या श्रावणात आमचं तुटलं. दोन वर्षं चाललेलं, अख्ख्या फ्लोअरला माहीत असलेलं (आईला सोडून), आणि तुटल्यावरही तो रोज माझ्या समोरच्याच डेस्कवर. लोक ब्रेकअपनंतर नंबर ब्लॉक करतात, मी काय सकाळचा स्टँडअप कॉल ब्लॉक करणार होते का? पँट्रीत शिरले की गप्पा एकदम बंद. आणि कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची, त्याची जागा लोक मुद्दाम रिकामी ठेवायचे, ते तर सगळ्यात वाईट. तर एक दिवस कर्वे पुतळ्याला तुम्ही चढलात, तिथे धपकन बसलात, आणि चांदणी चौक मागे पडेपर्यंत एक शब्द नाही. मग डबा उघडून थालीपीठाचा तुकडा पुढे केलात. "खा, वाकडला ट्रॅफिक आहे."

मग रोज तेच. विचारलंत फक्त एकदा, तेही हळू आवाजात, की तो त्रास देतोय का, मेसेज, धमक्या वगैरे. मी नाही म्हटलं. "तसं काही झालं तर गप्प बसायचं नाही, ऑफिसच्या छळाच्या तक्रारी बघणाऱ्या कमिटीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायचं," एवढं बोलून परत लोणच्याच्या फोडीकडे वळलात.

आणि ती राजीनाम्याची रात्र! साडेअकराला मेल टाइप करून मी तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवला, तर तुमचा रिप्लाय काय, "जॉइनिंग डेट?" म्हटलं ह्या बाईला काळीज आहे की नाही. सकाळी बसमध्ये तुम्ही फोनवर कॅल्क्युलेटर काढलात, चार वर्षं दोन महिने झालेत, पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, बेसिक ३८,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, आणि स्क्रीन माझ्यासमोर धरलीत. १,०९,६१५. "एवढे त्याच्यावरून ओवाळून टाकायचेत?" मी रडता रडता एवढ्या जोरात हसले की पुढच्या सीटवरच्या काकांनी वळून पाहिलं.

जानेवारीत तो साखरपुड्याचे पेढे घेऊन आमच्या डेस्कांमधून फिरत होता, तेव्हा तुम्ही कुठलंतरी बिल हातात घेऊन नेमक्या आमच्या मजल्यावर कशा उगवलात ते मी अजून विचारलेलं नाही. एक पेढा तोंडात टाकून म्हणालात, "कोरडे आहेत जरा." बास. माझा तो दिवस निघाला.

जूनमध्ये पाच वर्षं झाली. तो मेल अजून ड्राफ्टमध्येच पडलाय.

तुमचा छोटा स्टीलचा डबा महिनाभर माझ्याकडे आहे, रिकामा कसा देऊ म्हणून राहिलाय. सोमवारी नारळाच्या वड्या भरून आणते. पाक थोडा पुढे गेला तर नावं ठेवू नका, आणि खिडकीची सीट तुमची.